चाकांतील हवा

गेल्या वैशाखांत राहुरीजवळ मुळा नदीच्या कोरड्या पात्रांत माझी चांगलीच फजिती झाली. आपली फजिती आपण होऊन कोणी सांगूं नये, असा व्यवहारी माणसांचा सल्ला आहे. परंतु ज्या फजितींतून आपल्याला कांहीं शिकावयास मिळालें, ती लपवून ठेवणें माझ्यासारख्या शिक्षकाला शोभत नाहीं. तीस वर्षें मी महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलों आहें. एवढ्या काळांत दुसऱ्यांच्या चुकांखालीं तांबड्या रेघा ओढण्याचा मला असा सराव होऊन गेला आहे कीं, माझी स्वतःची एक जुनी चूक दिसण्यासाठीं मला वाळूंत आंसापर्यंत रुतावें लागलें.

हकीकत अशी आहे. माझा मुलगा यंत्रशास्त्राचा पदवीधर. पुण्याला एका कारखान्यांत त्याला चांगल्या पगाराची नोकरी होती. तीन वर्षांपूर्वीं ती त्यानें सोडली आणि जैसलमेरला जाऊन दोन मित्रांच्या धंद्यांत तो सामील झाला. धंदा कोणता, तर थरच्या वाळवंटांत, सम येथील वाळूच्या टेकड्यांच्या आसपास, हौशी प्रवाशांना जीपगाड्यांतून हिंडविण्याचा ! आमच्या घराण्यांत तीन पिढ्या खडू आणि फळा यांवर पोसलेल्या. मीं त्याला एक लांबलचक पत्र लिहिलें. त्यांत 'ड्रायव्हर' हा शब्द मीं तीन वेळां वापरला होता. आणि तो कोठें बसविला असतां अधिक लागेल, याचा तिन्ही वेळां वाङ्मयाच्या प्राध्यापकाला साजेसा विचार केला होता. त्या पत्राला उत्तर आलें नाहीं. पुढें मुलगा दिवाळींत घरीं येई, आईजवळ मनमोकळें बोले, माझ्याशीं हवापाण्याच्या गोष्टी करी आणि परत जाई. आमच्यांत भांडण नव्हतें. भांडण असतें, तर तें मिटविण्याची तरी कांहीं सोय असती !

यंदा मे महिन्यांत मी सुटीसाठीं राहुरीच्या घरीं आलों होतों. तेथें तो एक जुनी जीप घेऊन आला. ती त्यानें नुकतीच विकत घेतली होती आणि जैसलमेरला नेण्यापूर्वीं तिला नवे टायर बसवावयाचे होते. "बाबा, नगरला टायर घ्यायला चाललोय. येतां का ?" असें त्यानें विचारलें. त्याच्या आईनें माझ्याकडे पाहिलें. मीं पायांत वहाणा चढविल्या.

टायरच्या दुकानांत इतकें लक्ष देऊन उभें राहण्याचा प्रसंग माझ्यावर पूर्वीं कधीं आला नव्हता. दर्शनी भागांत उंच उंच बटणांचे, खोल खांचांचे टायर मांडून ठेवलेले होते. त्यांचा अवतार पाहूनच जमिनीनें घाबरावें ! "हेच घे," मी म्हणालों. "वाळवंटांत असलंच कांहीं तरी दणकट पाहिजे." दुकानदारालाही माझें म्हणणें तत्काळ पटलें, कारण दुकानांतील सर्वांत महाग टायर तेच होते. मुलगा मात्र हंसला. "बाबा, हे चिखलाचे आहेत," तो म्हणाला. आणि मग त्यानें मला जें समजावून सांगितलें, तें मला वाटतें एखाद्या चांगल्या शिक्षकालाही इतक्या थोडक्यांत सांगतां आलें नसतें.

चिखलाखालीं कोठें तरी घट्ट जमीन असते. टायरचे उंच दांते चिखल फोडून त्या जमिनीपर्यंत पोहोंचतात, तिला पकडतात आणि खांचांत भरलेला चिखल फिरतां फिरतां बाहेर फेंकून देतात. वाळूची गोष्ट निराळी आहे. वाळूखालीं वाळूच असते. तेथें हे दांते कुदळीचें काम करतात. जों जों चाक फिरावें, तों तों तें आपल्याच खालची वाळू उपसून मागें टाकतें, आणि आपला खड्डा आपणच खणून त्यांत जाऊन बसतें. वाळूवर चालावयाचें तर वाळू खणतां कामा नये; तिच्या अंगावरून तरंगत गेलें पाहिजे. म्हणून टायरची नक्षी बेताची हवी. दुसरें असें कीं, टायरची बाजू, म्हणजे रिमपासून जमिनीपर्यंतची रबराची भिंत, उंच आणि लवचीक पाहिजे. पुष्कळ थरांचा, जड ओझ्यासाठीं केलेला टायर मजबूत खरा. पण त्यांतील हवा कमी केली तरी तो आपला ताठा सोडीत नाहीं. हल्लीं शोभेसाठीं मोटारींना मोठालीं रिमें आणि त्यांवर पट्टीसारखे बारीक टायर बसवितात. त्यांचा तर वाळूंत कांहींच उपयोग नाहीं, कारण त्यांना वांकावयास बाजूच नसते.

अखेर त्यानें जे टायर निवडले, ते दिसण्यांत इतके साधे होते कीं, माझी निराशाच झाली. मध्यम नक्षीचे आणि उंच बाजूचे ते टायर डांबरी सडकेवरही चालण्याजोगे होते. "मुक्काम वाळूंत असला, तरी वाट डांबराचीच आहे, बाबा," तो म्हणाला. राहुरीहून जैसलमेर हजाराहून अधिक किलोमीटर आहे, ही गोष्ट माझ्या ध्यानांत आलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशीं आम्हांला नदीपलीकडच्या शेतावर जावयाचें होतें. पुलावरून चांगली सडक आहे. परंतु मला एकाएकीं जुन्या उताराची आठवण झाली. माझ्या लहानपणीं उन्हाळ्यांत आमची बैलगाडी पात्रांतून त्या उतारानेंच पलीकडे जाई. तिच्या लांकडी चाकांना दोन बोटें रुंदीची लोखंडी धाव बसविलेली होती. ती वाळूंत सुरीसारखी शिरे. मग आजोबा माझ्याखेरीज सर्वांना खालीं उतरवीत, बैलांच्या मानेवर हात ठेवून त्यांना चुचकारीत, आणि गाडी कण्हत कण्हत पैलतीराला लागे. पुढें आमच्याकडे रबरी टायरची गाडी आली. कारखान्यांना ऊस घालणाऱ्या टायरगाड्या ज्यांनीं जन्मापासून पाहिल्या, त्यांना त्या बदलाची कल्पना यावयाची नाहीं. जी वाळू दोन बैलांना घाम फोडीत असे, तीच रबरी चाकाखालीं पुष्कळसें नमतें घेऊं लागली, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

त्या वेळची वाळू मात्र आतां राहिली नाहीं. हरिश्चंद्रगडाच्या डोंगरांतून निघालेली ही नदी राहुरीवरून पुढें नेवासें तालुक्यांत जाऊन प्रवरेला मिळते. राहुरीच्या वरच्या अंगाला बारागांव नांदूर येथें तिच्यावर धरण झालें. २६ अब्ज घनफूट पाणी धरणाऱ्या त्या जलाशयानें आमचें रान हिरवें केलें, त्याचें ऋण कोणी नाकारूं नये. परंतु डोंगरांतून पाण्याबरोबर येणारी वाळूही तेथेंच अडून राहूं लागली. नवी वाळू येईना, आणि जुनी वाळू डंपरांत भरून लोकांचीं घरें बांधावयास जाऊं लागली. आज पात्रांत जागोजागीं उघडा खडक, मातीचे ढिगारे आणि वेड्या बाभळी दिसतात. माझ्या सुदैवानें म्हणा, कीं दुर्दैवानें म्हणा, उताराजवळ दोनशें पावलांचा वाळूचा एक पट्टा अजून शिल्लक होता.

"आज मी चालवितों," मी म्हणालों. पट्ट्याच्या कांठाशीं मुलानें थांबावयास सांगितलें. "बाबा, थोडी हवा काढूं या का चाकांतली ?" "कांहीं गरज नाहीं," मी उत्तरलों. "नवे कोरे टायर आहेत. एवढीशी वाळू ती काय !" तो गप्प बसला. त्याचें तें गप्प बसणें मला तीन वर्षांच्या ओळखीचें होतें.

पहिलीं पन्नास पावलें ठीक गेलीं. मग गाडी जड वाटूं लागली. मीं ॲक्सिलरेटर दाबला. ती अधिकच मंदावली. मीं तो आणखी दाबला. सुकाणूं डावीकडे फिरवून पाहिलें, उजवीकडे फिरवून पाहिलें. इंजिनाचा आवाज चढत गेला आणि गाडी उतरत गेली. मागच्या चाकांनीं वाळूचे दोन फवारे उडविले, एक गचका बसला, आणि गाडीचें पोट वाळूवर टेंकलें. दुपारचे अकरा वाजले होते. माझ्या अंगाला घाम सुटला होता, आणि तो केवळ उन्हाचा नव्हता.

इतक्यांत आमच्या शेताचे जुने वाटेकरी पलीकडून चालत आले. आतां ते सत्तरीच्या पुढें गेले आहेत. त्यांनीं गाडीभोंवतीं एक फेरी मारली. "मास्तर, रेटूं नका," ते मला म्हणाले. "रेटून वाळू ऐकत असती का ? थांबा, पाचट आणतो चाकाखाली घालायला." माझ्या हातून चाळीस वर्षांपूर्वीं बैलांवर चाबूक उगारला गेला असतां आजोबांनीं जवळजवळ हेंच वाक्य उच्चारलें होतें. तें तेव्हां मला कळलें नाहीं, आणि इतकें शिक्षण होऊनही पुढें सुचलें नाहीं.

"नाना, पाचट राहूं द्या. सावलींत बसा जरा," असें म्हणून मुलगा खालीं उतरला. त्यानें माझ्या हातांत एक फावडें दिलें आणि चाकांपुढची व गाडीच्या पोटाखालची वाळू ओढावयास सांगितलें. स्वतः तो एका चाकापाशीं बसला, व्हॉल्व्हचें टोपण काढून त्यानें खिशांत टाकलें आणि एका बारीक किल्लीनें आंतली पिन दाबली. फुस्स् ! मधून मधून तो हवेचा दाब गेज लावून पाही आणि पुन्हां हवा सोडी. बत्तीसचे चोवीस, चोवीसचे वीस, वीसचे सोळा. प्रत्येक चाकाला पांच मिनिटें लागलीं. ताठ उभा असलेला टायर खालून पसरतांना, आणि त्याच्या बगला फुगतांना मी फावडें टेंकून पाहत होतों. आपल्या भाषेंत एखाद्याची हवा काढणें म्हणजे त्याचा पाणउतारा करणें. त्या उन्हांत हवा चार चाकांची जात होती आणि कान माझे तापत होते !

मग तो सुकाणूवर बसला. गाडी चारही चाकांवर आणि सर्वांत हळू गतीवर घेऊन त्यानें ती प्रथम आपल्याच चाकोरींतून हातभर मागें नेली, कारण तेथील वाळू चाकाखालीं दबून थोडी घट्ट झाली होती. नंतर ती हलकेच पुढें आली. इंजिनाचा आवाज जवळजवळ चढलाच नाहीं. जेथें मी पराभूत झालों होतों, तेथून गाडी एखाद्या गृहिणीनें सारवलेल्या अंगणांतून जावें तशी अलगद निघून गेली. कठीण जमीन लागेपर्यंत तो थांबला नाहीं. आणि थांबतांना त्यानें ब्रेकही दाबला नाहीं, गाडी आपोआप थांबूं दिली. ब्रेक दाबला कीं चाकापुढें वाळूचा बांध तयार होतो, आणि निघतांना आधीं तो ओलांडावा लागतो, असें त्यानें मागाहून सांगितलें.

ही जादू नव्हे, साधा हिशेब आहे. माणसांसकट जीपचें वजन चार हजार पौंड धरलें, तर प्रत्येक चाकावर हजार पौंड येतात. टायरमध्यें दर चौरस इंचाला ३२ पौंड दाबाची हवा असली, तर तो भार पेलण्यासाठीं टायरचा सुमारें ३१ चौरस इंच भाग जमिनीला टेंकावा लागतो. म्हणजे या मासिकाचें सुमारें अर्धें पान. दाब १६ पौंडांवर आणला कीं तीच जागा दुप्पट होते; अर्ध्या पानाचें पूर्ण पान होतें. रबराचा स्वतःचा ताठपणा थोडा भार उचलतो, म्हणून हा हिशेब तंतोतंत जमत नाहीं. पण अंदाज चुकत नाहीं. मला वाटत होतें, टायर चपटा होऊन रुंद होत असेल. प्रत्यक्षांत ही जागा रुंदींत थोडी आणि लांबींत पुष्कळ वाढते. चाक क्षणभर रणगाड्याच्या पट्ट्याचें रूप घेतें. नगरला १९९४ सालीं रणगाड्यांचें संग्रहालय झालें आहे. तेथील अवजड धुडें पाहून हीं वाळूंत कशीं चालत असतील, असें मला नेहमीं वाटे. पण एवढ्या वजनाचा रणगाडाही लांबरुंद पट्ट्यांवर उभा असल्यामुळें दर चौरस इंचावर साध्या मोटारीहून कमीच भार घालतो. उंटाच्या पसरट पावलांचें रहस्य हेंच आहे.

त्या रात्रीं अंगणांत खाटेवर पडल्या पडल्या मी मुलाला एकामागून एक प्रश्न विचारीत होतों. किती दिवसांनीं आम्ही इतके बोलत होतों, तें मीं मोजलें नाहीं. हवेच्या टायरचा शोध दोनदां लागला, हें मला त्यानें सांगितलें. रॉबर्ट विल्यम टॉमसन यानें १८४५ सालीं त्याचें पेटंट घेतलें. पण तें जग विसरून गेलें. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलसाठीं पुन्हां हवेचा टायर तयार केला. बापानें मुलाच्या सुखासाठीं चाकांत हवा भरली. माझ्या बाबतींत मुलाला ती काढावी लागली!

वाळूंत हवा कमी करावी, ही गोष्ट पद्धतशीरपणें वापरणाऱ्या पहिल्या लोकांत राल्फ बॅग्नोल्ड हा इंग्रज लष्करी अधिकारी होता. बॅग्नोल्ड हें आडनांव मला परिचित होतें. कारण एनिड बॅग्नोल्ड हिची 'नॅशनल व्हेल्व्हेट' ही १९३५ सालची कादंबरी मला ठाऊक होती. पण तिला असा एक भाऊ होता, याचा मला पत्ता नव्हता. साध्या फोर्ड गाड्या घेऊन तो आणि त्याचे मित्र ईजिप्त आणि लिबिया यांच्या वाळवंटांत सुटीच्या दिवसांत हिंडत. चाकांतील हवा कमी करणें, रुतलेल्या चाकाखालीं लोखंडी पन्हळी पट्ट्या सरकविणें, सूर्याच्या सावलीवरून दिशा काढणें, या युक्त्या त्यांनीं अनुभवानें बसविल्या. दुसऱ्या महायुद्धांत, १९४० सालीं, त्याच ज्ञानावर त्यानें वाळवंटांत लांबवर संचार करणारें सैन्यपथक उभें केलें. पुढें हिंदी घोडदळाच्या पलटणींतून निवडलेल्या जवानांचेंही असेंच एक पथक तयार झालें. अमेरिकेंत १९४२ सालीं 'डक' नांवाची, जमिनीवर आणि पाण्यांत चालणारी मालमोटार निघाली; तिच्यांत तर पुढें चालकाला जागेवर बसूनच चाकांतील हवा कमीजास्त करण्याची सोय झाली. बॅग्नोल्डनें १९४१ सालीं वाऱ्यानें वाहणाऱ्या वाळूच्या शास्त्रावर ग्रंथ लिहिला. मंगळावरील वाळूच्या एका विस्तीर्ण प्रदेशाला आज त्याचें नांव आहे.

मंगळाचें नांव निघतांच मुलानें मला 'स्पिरिट' या यानाची कथा सांगितली. तें सहा चाकांचें यान २००४ सालापासून मंगळावर फिरत होतें. २००९ सालीं वरून घट्ट दिसणाऱ्या एका पापुद्र्याखालच्या मऊ वाळूंत तें रुतलें. पृथ्वीवरील शास्त्रज्ञांनीं कित्येक महिने प्रयत्न केले. पण तें निघालें नाहीं, आणि मार्च २०१० नंतर त्याचा आवाजही बंद झाला. "त्याचीं चाकें ॲल्युमिनियमचीं होतीं, बाबा," मुलगा म्हणाला. "हवा काढायला हवा मुळांत पाहिजे ना !" मी अंधारांत बराच वेळ जागा होतों.

मला माझा वर्ग आठवत होता. माझ्या वर्गांत खेड्यांतल्या मराठी शाळांत शिकून आलेलीं मुलें पुष्कळ असतात. कांहीं वर्षांपूर्वीं असाच एक विद्यार्थी होता. त्याच्या निबंधांतील विचार स्वच्छ असत, पण इंग्रजी बोलतांना तो अडखळे. त्याची भीड जावी म्हणून मी त्याला रोज उभें करून मोठ्यानें वाचावयास लावूं लागलों. तो जों जों अडखळे, तों तों मी अधिक वाचावयास लावीं. माझा आवाजही चढत असला पाहिजे. माझा हेतु वाईट नव्हता. ॲक्सिलरेटर दाबणाऱ्याचाही हेतु वाईट नसतो. दिवाळीच्या सुटीनंतर तो विद्यार्थी कॉलेजांत परत आला नाहीं. त्या वेळीं मीं त्याच्या नांवापुढें कच्चेपणाची एक खूण केली आणि पुढच्या धड्याकडे वळलों. चाकाखालची वाळू आपणच उपसली, हें रुतलेल्याला क्वचितच कळतें. तो वाळूलाच दोष देत राहतो.

परंतु यावरून सदा सर्वकाळ मऊपणानें वागावें, असा उपदेश कोणी काढूं लागेल, तर तोही खोटा ठरेल. तिसऱ्या दिवशीं मीं पुन्हां नदीचा पट्टा ओलांडला. या वेळीं हवा मीं स्वतः सोळा पौंडांवर आणली होती, आणि गाडी विनातक्रार पार झाली. त्या यशाच्या भरांत मी म्हणालों, "मग आणखी कां काढूं नये ? आठावर आणूं !" मुलानें मान हलविली. हवा फार उतरली कीं रिमवर टायरची कड धरून ठेवणारें कांहीं उरत नाहीं. एखाद्या तीव्र वळणावर टायर रिमवरून निसटतो आणि मग सगळाच खेळ आटोपतो. दहाबारा पौंडांच्या खालीं अगदीं निरुपाय झाल्याखेरीज जाऊं नये, गाडीवर ओझें अधिक असेल तर हवाही अधिक ठेवावी, आणि कमी हवेवर वेग कधीं वाढवूं नये, असे त्याचे नियम आहेत.

आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा कीं, डांबरी सडक लागण्यापूर्वीं हवा पुन्हां भरलीच पाहिजे. नरम टायर प्रत्येक फेऱ्यांत वांकतो आणि सरळ होतो. त्या वांकण्यानें रबर तापत जातें, आणि वेगानें चाललें असतां तें फुटतें. आमच्याच जिल्ह्यांतून, कोपरगांवच्या बाजूनें, समृद्धी महामार्ग जातो. तसल्या सडकेवर टायरमध्यें पुरती हवा नसणें म्हणजे काळाला आमंत्रण देणें. वाळूंत जो तारतो, तोच नरमपणा सडकेवर घात करतो. चांगला चालक एकाच दाबाचा अभिमान धरीत नाहीं. खालीं जमीन कोणती आहे, तें पाहून ठरवितो, आणि वेळ येतांच जागेवर उतरून, गुडघे टेंकून, चार चाकांपाशीं पांच पांच मिनिटें बसण्याचा कंटाळा करीत नाहीं. मला वाटतें, यांतला अवघड भाग शेवटचाच आहे. खालीं उतरावें लागतें.

सडकेच्या तोंडाशीं मुलानें बॅटरीवर चालणारा लहानसा पंप लावला. तो घरघर करीत एकेक चाक भरीत होता, आणि आम्ही दोघे बाभळीच्या विरळ सावलींत उभे होतों. पंपाच्या आवाजाचा मला आधार वाटला असावा. मीं विचारलें, "मीं लिहिलेलं तें पत्र... तूं ठेवलंस का ?"

"आहे ना, बाबा. गाडीच्या खणांत आहे."

"तें कशाला ठेवायचं ?"

"लायसन्सच्या शेजारींच ठेवलंय," तो म्हणाला.

तो हंसत होता. पण पुरता हंसत नव्हता. यावर काय बोलावें, तें मला सुचेना. इंग्रजी आणि मराठी या दोन्ही भाषांत क्षमा मागण्याचे किती तरी प्रकार मला शिकवितां येतात. त्यांतला एकही त्या वेळीं उपयोगीं पडला नाहीं. शेवटीं मी एवढेंच म्हणालों, "तो शब्द मला तेव्हां नीट ठाऊक नव्हता." त्यानें गेज लावून पाहिलें आणि पंप पुढच्या चाकाकडे नेला. थोड्या वेळानें तो म्हणाला, "बाबा, थंडींत या जैसलमेरला. तिथं तुम्हांला खरी वाळू दाखवतों." मी येईन म्हणालों.

जूनच्या पहिल्या आठवड्यांत तो निघाला. पहांटे त्याची आई डबा बांधीत असतां मी बाहेर आलों आणि कोणी न सांगतां चारही चाकांतील हवा पाहिली. एका चाकांत ती दोन पौंड कमी होती, ती भरली. स्टेपनीही पाहून घेतली. मुलगा सामान ठेवीत होता. त्यानें माझ्याकडे पाहिलें, पण मदतीला आला नाहीं. "बत्तीस आहे सगळीकडे," मीं त्याला सांगितलें. "सडकेपुरती ठीक आहे. तिथं वाळू लागली कीं आठवणीनं काढ."

"काढीन," तो म्हणाला. नमस्कारासाठीं तो वांकला, आणि गेज त्याच्या हातीं देऊं लागलों तेव्हां त्यानें तें घेतलें नाहीं. "राहूं द्या तुमच्याकडे. माझ्याजवळ दुसरं आहे."

कॉलेज उघडून आतां कांहीं महिने झाले आहेत. तें गेज माझ्या टेबलावर असतें. तांबड्या पेन्सिलीच्या शेजारीं.